घराला कोणता रंग लावावा? कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवरात्र तोंडावर आलं की रंगाच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते आणि त्याच त्या शंका पुन्हा पुन्हा येतात. कुणी काउंटरवर विचारतं, कुणी फोनवर, कुणी भिंतीचे फोटो पाठवून. त्या सगळ्या इथे एकत्र केल्या आहेत, आधी सोप्या, मग अडचणीच्या. बहुतेक जण ‘चांगला रंग कोणता?’ असं विचारतात. आम्ही उलट विचारतो: भिंत कसली आहे, किती जुनी आहे आणि तिला ओल आहे का? उत्तर तिथूनच निघतं. वेळ कमी असेल तर बाकीचं राहू द्या, प्रश्न ८ आणि ९ तेवढे आधी वाचा.

१. डिस्टेंपर, प्लास्टिक, ऑइल पेंट, स्नोसेम... नावं ऐकूनच गोंधळ होतो. सोप्या भाषेत फरक सांगा.

चुना सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत स्वस्त. भिंतीतली ओल तो बाहेर पडू देतो, बुरशीला थारा देत नाही. पण टेकलं की कपड्याला लागतो आणि दर एक-दोन वर्षांनी पुन्हा मारावा लागतो.

डिस्टेंपर पूर्वी सुक्या पुडीत यायचा, आता बहुतेक बादलीत तयार मिळतो. किलोवर विकतात. ओल्या फडक्याने हलक्या हाताने पुसता येतो, घासला तर निघतो.

इमल्शन म्हणजे आपण ज्याला प्लास्टिक पेंट म्हणतो तो. पाण्यात मिसळतो, लिटरवर मिळतो. यात साधा, मधला आणि भारी अशा प्रती असतात. भारी प्रतीत रंग धरून ठेवणारं ॲक्रिलिक जास्त असतं, म्हणून तो धुता येतो आणि जास्त वर्षं टिकतो. आतला आणि बाहेरचा इमल्शन वेगवेगळे. आतला बाहेर मारला तर तो ऊन-पावसात तग धरत नाही.

ऑइल पेंट म्हणजे इनॅमल. टर्पेंटाइनमध्ये पातळ होतो. तो लोखंडाचा आणि लाकडाचा रंग आहे, भिंतीचा नव्हे. सिमेंट पेंट, ज्याला आपल्याकडे सरसकट स्नोसेम म्हणतात, पावडरमध्ये येतो आणि बाहेरच्या खरखरीत गिलाव्यावर बसतो.

२. आतल्या खोल्यांना नेमका कोणता घ्यायचा? सगळीकडे भारीतला मारला तर?

गरज नाही. छताला कुणाचा हात लागत नाही, तिथे साधा पांढरा इमल्शन किंवा डिस्टेंपर पुरतो. हॉल, जिना, मुलांची खोली इथे हात, दप्तरं, सायकलचं हँडल सगळं भिंतीला लागतं, तिथे मात्र धुता येणारा भारी इमल्शन घ्या. झोपायच्या खोलीला मधली प्रत उत्तम. स्वयंपाकघरात फोडणीचा तेलकट थर बसतो, म्हणून ओट्याच्या वरच्या भागाला टाइल नसेल तर थोडी चमक असलेला, धुता येणारा इमल्शनच हवा. न्हाणीघरात टाइलच्या वरच्या भिंतीला आणि छताला बुरशीरोधक इमल्शन मारा.

पैसे वाचवायचे तर छतावर आणि माळ्यावर वाचवा, प्रायमरवर, म्हणजे रंगाआधी मारायच्या अस्तरावर, वाचवू नका (प्रश्न ५).

३. मॅट घ्यावा की चमकदार?

मॅट भिंतीचे खड्डे-उंचवटे झाकतो, चमकदार ते उघडे पाडतो. जुन्या, हाताने गिलावा केलेल्या भिंतीला मॅट. नवीन, गुळगुळीत लांबी (पुट्टी) केलेली आणि सारखी पुसावी लागणारी भिंत असेल तर शीन, म्हणजे मंद चमक. खिडकीसमोरच्या भिंतीवर तिरका उजेड पडतो आणि लांबीची प्रत्येक पट्टी दिसते, तिथे चमकदार टाळाच.

४. बाहेरून काय मारू? आमच्याकडे पाऊस लई.

‘आमच्याकडे’ म्हणजे कुठे, यावर उत्तर बदलतं. कोल्हापूर शहरात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस, गगनबावड्यात पाच हजारांच्या पुढे. राजारामपुरीत टिकणारा रंग गगनबावड्यात टिकेल असं नाही.

शहरात आणि पूर्वेला, हातकणंगले-शिरोळकडे, चांगल्या कंपनीचा मधला किंवा भारी एक्स्टिरिअर ॲक्रिलिक इमल्शन, खाली बाहेरचा प्रायमर आणि वर रंगाचे दोन हात (थर), एवढं पुरतं. गगनबावडा, राधानगरी, आजरा, चंदगड, पन्हाळा या बाजूला शेवाळ-बुरशी रोखणारा, जास्त वर्षांची हमी असलेला प्रकार घ्या. बारीक केसाएवढ्या भेगा असतील तर ताणला जाणारा, रबरासारखा जाड थर देणारा इलास्टोमेरिक रंग उपयोगी पडतो. पण तो फक्त बाहेरून कोरड्या भिंतीवर. आत ओल अडकलेली असेल तर त्याचे फुगे येतात.

पावसाळी वारं नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतं. म्हणून बजेट कमी असेल तर घराच्या पश्चिम आणि दक्षिण बाजूंना भारी रंग आणि बाकीच्या दोन बाजूंना मधला, अशी वाटणी आम्ही खुशाल सुचवतो. रंगछटा तीच ठेवायची.

सिमेंट पेंट स्वस्त आहे आणि परड्याची भिंत, कंपाउंड, गोठा यांना अजूनही चांगला. भिंत आधी पाण्याने ओली करायची, कालवलेला रंग तासाभरात संपवायचा आणि दुसऱ्या दिवसापासून पाणी मारून पिकवायचा. भिंतीवर आधी ॲक्रिलिक बसलेला असेल तर वर सिमेंट पेंट चिकटत नाही.

५. प्रायमर लावलाच पाहिजे का? पेंटर म्हणतोय, डायरेक्ट मारूया. चालतंय का?

नवीन गिलावा, नवीन लांबी, खरवडलेली जागा यांवर प्रायमर लावलाच पाहिजे. प्रायमर नसेल तर कोरडी लांबी रंगातलं पाणी शोषून घेते, रंग ठिपक्याठिपक्यांचा दिसतो आणि भिंतीला नीट धरत नाही. वर मारलेला महागडा रंग मग जास्तही लागतो.

जुना इमल्शन घट्ट बसलेला असेल, तळहात घासला तरी पांढरी भुकटी येत नसेल आणि तोच किंवा जवळचा रंग पुन्हा मारायचा असेल, तर मात्र पेंटर बरोबर सांगतोय. भिंत धुवा, वाळवा, हलका पॉलिश पेपर मारा आणि थेट दोन हात द्या.

६. लांबी किती हात भरायची?

दोन पातळ हात. दोन्ही मिळून दीड मिलिमीटरच्या आसपास. त्याहून खोल खड्डा असेल तर तो लांबीने नव्हे, सिमेंट-वाळूने भरायचा. व्हाइट सिमेंटची लांबी भरताना भिंत आधी ओली करतात आणि खाली प्रायमर लागत नाही, तो लांबी वाळल्यावर वर येतो. कालवलेली लांबी घट्ट व्हायला लागली की पाणी घालून पुन्हा सैल करू नका, ती टाकून द्या. बाहेरच्या भिंतीला ॲक्रिलिक लांबी कधीच नको, पावसात फुगून सुटते.

७. नवीन घर बांधलंय. गिलावा होऊन पंधरा दिवस झाले, पुढच्या आठवड्यात वास्तुशांत आहे. रंग मारून घेऊ का?

नका मारू. ताज्या गिलाव्यात दोन गोष्टी असतात, पाणी आणि सिमेंटचा तिखट क्षार. गिलाव्याला निदान आठवडाभर, जमलं तर दहा-बारा दिवस पाणी मारायचं आणि त्यानंतर तो वाळू द्यायचा. एकूण २८ दिवसांच्या आत रंगाचा विचारही करू नये. घाईने मारलेल्या रंगावर पांढरे डाग फुटतात, गडद रंग जागोजागी फिका पडतो, आणि ऑइल पेंट मारला असेल तर क्षार त्याचा साबण करून टाकतो. तो चिकट राहतो आणि सालीसारखा निघतो.

वास्तुशांत चुकवता येत नाही हे आम्हाला ठाऊक आहे. त्यासाठी सोय अशी: भिंतींना नुसता चुना किंवा प्रायमरचा एक पातळ हात द्या, दारांना तोरणं लावा, पूजा होऊ द्या. लांबी आणि रंग नंतर. जमत असेल तर बाहेरचा शेवटचा हात एक पावसाळा गेल्यावर द्या. कुठे भेग पडते, कुठे पाझरतं, हे पहिला पावसाळाच दाखवतो. चुना मारला असेल तर पुढे लांबी भरण्याआधी तो खरवडून काढायचा, का ते प्रश्न १० मध्ये आहे.

८. भिंतीला ओल आहे की नाही, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

दीड फूट लांब-रुंद असा जाडसर, पारदर्शक प्लास्टिकचा कागद घ्या. भिंतीला सपाट लावा आणि चारही कडा चिकटपट्टीने पूर्ण बंद करा, हवा आत जाता कामा नये. एक दिवस, एक रात्र तसाच ठेवा. दुसऱ्या दिवशी काढण्याआधी नीट बघा. भिंतीकडच्या बाजूला बारीक थेंब असतील किंवा खालची जागा आजूबाजूपेक्षा गडद दिसत असेल, तर ओल भिंतीतून येते. थेंब खोलीकडच्या बाजूला असतील तर हवाच दमट आहे, खिडक्या उघडा. दोन्हीकडे कोरडं असेल तर रंग मारा.

चाचणी एका जागी करून थांबू नका. जोत्यालगत, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात, न्हाणीघराच्या पाठीमागच्या भिंतीवर आणि स्लॅबखालच्या कडेला, अशी चार ठिकाणी करा.

९. भिंतीला खालून लोणा लागलाय. डॅम्पप्रूफ पेंट मारला की थांबेल का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि सगळ्यांत जास्त पैसे इथेच वाया जातात. उत्तर आहे, नाही.

जमिनीतलं पाणी विटांमधून वर चढतं, येताना क्षार आणतं, आणि पृष्ठभागावर पाणी उडून गेलं की क्षार पांढऱ्या कापसासारखे मागे उरतात, तोच लोणा. समोरून न झिरपणारा रंग मारला तर पाणी थांबत नाही, फक्त त्याची बाहेर पडायची वाट बंद होते. मग ते आणखी वर चढतं. पूर्वी दोन फुटांवर असलेली ओल पुढच्या वर्षी चार फुटांवर दिसते, आणि लोक म्हणतात कंपनीनं फसवलं.

आधी पाणी कुठून येतं ते शोधा. पेठांमधल्या जुन्या घरांत बऱ्याचदा असं दिसतं की डांबराचे थर चढत चढत रस्ता उंच झाला आणि जोतं रस्त्याच्या बरोबरीला आलं. भिंतीलगतच्या गटारीला भेग असते, पागोळीचं पाणी पायाशीच पडतं, अंगणातल्या फरशीचा उतार घराकडे असतो. हे आधी सुधारा. जोत्याच्या पातळीला ओलरोधक थरच नसेल तर भिंतीला ओळीने भोकं पाडून रसायन भरतात. हे काम माहितगार माणसाकडूनच करून घ्यावं.

त्यानंतर सुटलेला गिलावा ओलीच्या रेषेच्या फूट-दीड फूट वरपर्यंत काढून टाका. क्षार कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुवू नका, कारण ते पाण्यात विरघळून पुन्हा भिंतीत जातात. भिंत उन्हाळाभर उघडी ठेवा. मग नवा गिलावा आणि त्यावर चुना किंवा साधा मॅट रंग. वर्षभर काही फुटलं नाही तर पुढच्या वेळी हवा तो रंग मारा.

ओल वरून, गच्चीतून येत असेल तर आतल्या छताला काहीही मारून उपयोग नाही. वर गच्चीवर वॉटरप्रूफिंग, मगच खाली रंग.

१०. दोनच वर्षांपूर्वी भारी रंग मारला, आता पोपडे निघताहेत. रंग डुप्लिकेट होता का?

क्वचितच असतो. निघालेला पोपडा टाकू नका, उलटा करून बघा. शिवाजी पेठेतल्या एक ताई असाच एक पोपडा वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आल्या होत्या. तळहाताएवढा, वरून अबोली. कड उजेडात धरली तर थर स्पष्ट दिसत होते: वर अबोली इमल्शन, त्याखाली पोपटी डिस्टेंपर, त्याखाली चुन्याचे तीन-चार हात. पाठीमागून बोट फिरवलं की पिठासारखी पांढरी भुकटी येत होती. इमल्शन अजून घट्ट होता, वाकवला तरी तुटत नव्हता. सुटला होता तो सगळ्यांत खालचा चुना.

वाळताना इमल्शन आकसतो आणि खालच्या थराला ओढतो. खाली भुसभुशीत चुना किंवा सुका डिस्टेंपर असेल तर तो त्यांच्यासकट निघून येतो. म्हणून अशा भिंतीवर प्लास्टिक मारायचा असेल तर आधी जुना थर गिलाव्यापर्यंत खरवडून, धुऊन काढावा लागतो. मजुरी वाढते, त्याला इलाज नाही. पोपड्याच्या पाठीला वाळू-सिमेंट चिकटून आलं असेल तर गिलावाच कमजोर आहे. पाठ ओलसर लागली तर प्रश्न ९ पहा.

११. पुराचं पाणी घरात चार दिवस होतं. आता रंग कधी आणि कोणता?

राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडते तेव्हा नदीकाठच्या घरांत काय होतं, हे २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये आपण पाहिलं आहे. पूर ओसरल्यावर लोकांना घर लवकर पूर्वीसारखं दिसायला हवं असतं. ती ओढ साहजिक आहे. पण भिंतीला तिचा वेळ द्यावाच लागतो.

गाळ ओला असतानाच धुऊन काढा, वाळला की गिलाव्यात बसतो. वीज सुरू करण्याआधी वायरमनकडून तपासणी करून घ्या. मग पाण्याच्या खुणेच्या दीड-दोन फूट वरपर्यंतची लांबी, पीओपी, जिप्सम आणि सुटलेला रंग काढून टाका. हे थर पाणी धरून ठेवतात. लाकडी पॅनेल किंवा वॉलपेपर असेल तर तोही काढा. दारं-खिडक्या, पंखे चालू ठेवा. हीटर लावून एकदम वाळवू नका, भेगा पडतात.

जुलै-ऑगस्टमध्ये भिजलेली नऊ इंची विटांची भिंत दिवाळीपर्यंत वाळतेच असं नाही. प्लास्टिकच्या कागदाची चाचणी (प्रश्न ८) करत राहा. सणापुरतं बरं दिसावं म्हणून चुन्याचे दोन हात मारा. त्यातून ओल निघत राहते आणि बुरशीही आटोक्यात राहते. पक्का रंग पुढच्या मार्च-एप्रिलमध्ये.

ज्या घरात पाणी पुन्हा येऊ शकतं, तिथे तळमजल्याच्या भिंतींना जिप्सम नको, सिमेंट-वाळूचाच गिलावा ठेवा. खालच्या चार-पाच फुटांना चुना किंवा साधा डिस्टेंपर, वरच्या भागाला आवडीचा इमल्शन, मध्ये एक पट्टा ओढला की छान दिसतं. पुढच्या पुरात नुकसान त्या पट्ट्याखालीच राहतं.

१२. पाण्याच्या डागावर, चुलीच्या काजळीवर कितीही हात मारले तरी डाग वर येतो. काय करू?

काजळी आणि डांबरी डाग पाण्यातल्या रंगात विरघळून वर येतात. दहा हात मारले तरी येतील. आधी कपडे धुण्याच्या साबणाने काजळी धुवा, वाळू द्या, मग त्या जागेला टर्पेंटाइनमध्ये मिसळणाऱ्या प्रायमरचा एक हात मारा आणि वर इमल्शन. गुऱ्हाळाजवळच्या घरांनाही हेच. पाण्याचा पिवळा डागही असाच झाकतात, पण गळती बंद झाल्यावरच.

१३. आमचा जुना वाडा आहे, भिंती मातीच्या. प्लास्टिक पेंट चालेल का?

चालणार नाही आणि मारू नये. पांढऱ्या मातीच्या, कच्च्या विटांच्या भिंती दिवसा ओल सोडतात, रात्री घेतात. शंभर वर्षं त्या यावरच टिकल्या. त्यांना प्लास्टिकचा थर किंवा सिमेंटचा गिलावा दिला की ओल आतच कोंडते, माती मऊ होते आणि गिलावा पापुद्र्यासारखा सुटून पडतो. आतली मातीही त्याच्याबरोबर येते.

अशा भिंतीला चुनाच. चांगला पिकवलेला, गाळलेला चुना घ्या, त्यात थोडा डिंक आणि चवीपुरती नीळ. दाट एक हात देण्यापेक्षा दुधासारखे पातळ तीन-चार हात द्या, प्रत्येक हाताआधी भिंतीवर पाणी शिंपडा. रंग हवा असेल तर क्षार सोसणारे मातीचे रंग, गेरू किंवा पिवळी माती, चुन्यातच मिसळतात. डोळ्यांना गॉगल आणि हातांना मोजे हवेत, ताजा चुना डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते.

सोप्यातले सागवानी खांब, तुळया यांना ऑइल पेंट चोपडू नका. जुना रंग काढून तेल किंवा पॉलिश द्या, लाकडाचे रेषे दिसू द्या.

१४. शेणाचा रंग निघालाय म्हणे. तो कसा आहे?

खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये ‘खादी प्राकृतिक पेंट’ आणला. डिस्टेंपर आणि इमल्शन अशा दोन प्रकारांत येतो. वास येत नाही. आतल्या कोरड्या भिंतीला मारायला हरकत नाही, तयारी मात्र इतर रंगांसारखीच करायची. ओलीवर तो जादू करत नाही.

१५. जांभ्या दगडाचं घर आहे, दगड तसाच दिसायला हवा. काही मारायला पाहिजे का?

जांभा सच्छिद्र असतो, आजरा-चंदगडकडच्या पावसात तो पाणी पितो. त्याला चमकणारं वार्निश लावू नका, वर्षभरात ते पांढरं पडून सुटतं. पाणी झटकणारं पण वाफ बाहेर सोडणारं सिलेन-सिलॉक्सेन जातीचं रसायन मिळतं. दगड स्वच्छ, पूर्ण कोरडा असताना उन्हाळ्यात मारायचं. दगड होता तसाच दिसतो. आधी दगडांच्या सांध्यांतला गळून गेलेला मसाला पुन्हा भरून घ्या, पाणी बहुतेक तिथूनच शिरतं. काळ्या दगडाच्या जोत्याला काहीच मारू नका.

१६. गणपतीआधी रंगवू, दिवाळीआधी की उन्हाळ्यात?

बाहेरचं काम डिसेंबर ते मे. गणपतीआधी बाहेरचं काम काढूच नका. आतली एखादी खोली, जिथे गणपती बसतो ती, पाऊस उघडला असेल आणि भिंत कोरडी असेल तर होऊ शकते. दिवाळीआधी आतलं सगळं करता येतं, पण परतीचा पाऊस ऑक्टोबरमध्ये हमखास येतो, म्हणून बाहेरच्या भिंतीची घाई नको. पावसाळ्यात दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेल्या वेळेच्या दुप्पट वेळ द्या. हवा फार दमट असेल, भिंतीला हात लावल्यावर गार-ओलसर वाटत असेल, तर त्या दिवशी ब्रश उचलू नका. मेमध्ये उलटी काळजी घ्या: भर उन्हात तापलेल्या भिंतीवर रंग लगेच सुकतो आणि ब्रशचे पट्टे दिसतात. सावली ज्या बाजूला असेल तिथे काम करा.

१७. किती लिटर लागेल?

समजा खोली १० बाय १२ फूट, उंची १० फूट. चार भिंतींची लांबी ४४ फूट, गुणिले १० म्हणजे ४४० चौरस फूट. एक दार २१, एक खिडकी १६ वजा केली की ४०३ उरतात. लांबी केलेल्या गुळगुळीत भिंतीवर आतला इमल्शन एका लिटरला दोन हातांत साधारण १२० चौरस फूट जातो. म्हणजे साडेतीन लिटरच्या आत, चार लिटरचा डबा घ्या. छताला, म्हणजे १२० चौरस फुटांना, एक लिटर पांढरा.

बाहेरची भिंत खरखरीत असते, तिथे लिटरला दोन हातांत ५० ते ६० चौरस फूट धरा. ३० फूट रुंद, २० फूट उंच दर्शनी भागाला ११ लिटरच्या आसपास. गडद पिवळा, लाल, केशरी हे रंग कमी झाकतात, त्यांना तिसरा हात लागू शकतो.

१८. पेंटर पाणी जास्त घालतो, असं वाटतं. कसं ओळखू?

डब्यावर किती पाणी घालायचं ते टक्क्यांत छापलेलं असतं. पहिल्या दिवशी मोजमापाने तुमच्यासमोर कालवायला सांगा, चांगला पेंटर त्याचा राग धरत नाही. पाणी जास्त झालं तर रंग रोलरवरून ठिबकतो, दोन हातांनंतरही खालची लांबी डोकावते, आणि वाळल्यावर हाताला भुकटी लागते. शक्यतो रंग तुम्ही आणा आणि काम मजुरीवर द्या. मग पाणी घालून त्याचा काही फायदा उरत नाही.

१९. लोखंडी ग्रिल आणि नवीन पत्रा, दोन्हींना एकच प्रायमर चालतो का?

ग्रिलला गंज घासून काढून रेड ऑक्साइड प्रायमर, वर इनॅमलचे दोन हात. शिरोली, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींजवळ हवेत धूळ जास्त असते, तिथे इपॉक्सी प्रायमर जास्त टिकतो. नवीन जस्ताच्या पत्र्यावर मात्र साधा ऑइल पेंट थेट मारला की सालं निघतात, त्याला जस्तासाठीचा वेगळा प्रायमर मागा.

२०. स्वयंपाकघराला जुना ऑइल पेंट आहे. त्यावर प्लास्टिक मारला तर?

थेट मारला तर नखाने सुटेल. तेलकटपणा सोड्याने धुवा, वाळल्यावर चमक पूर्ण जाईपर्यंत पॉलिश पेपर मारा, मग ऑइल बेस प्रायमर आणि त्यावर इमल्शन. घासण्याआधी पुढचं उत्तर वाचा.

२१. घरात बाळ आहे. रंगाचा वास, शिसं यांची भीती वाटते.

घरगुती रंगांत शिशाची मर्यादा दशलक्षात ९० भाग अशी कायद्याने ठरली आहे आणि ती १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. म्हणून आताचा सीलबंद, नावाजलेल्या कंपनीचा रंग घेताना डब्यावर तसा उल्लेख आहे का एवढं बघा. खरा धोका जुन्या ऑइल पेंटचा असतो. वाड्याची दारं, जुन्या खिडक्या कोरड्या घासल्या की शिशाची धूळ उडू शकते. ओला पॉलिश पेपर वापरा, मास्क लावा, धूळ झाडू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या. त्या दिवसांत बाळ आणि गरोदर बाई घरात नकोत.

वासासाठी कमी व्हीओसीचा, म्हणजे हवेत उडणारी रसायनं कमी असलेला इमल्शन मिळतो. तरीही बाळाची खोली रंगवून निदान आठवडाभर उघडी ठेवा.

२२. कोपऱ्यात काळी बुरशी येते. त्यावरच रंग मारला तर झाकली जाईल का?

महिनाभर झाकली जाईल. एक भाग ब्लीच, तीन भाग पाणी असं द्रावण लावा, पंधरा-वीस मिनिटं ठेवा, घासा, धुवा, वाळवा. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा दुसरं क्लीनर चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो. कपाट भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा, हवा खेळली की बुरशी परत येत नाही. मग बुरशीरोधक रंग.

२३. शेजाऱ्याची आणि आमची भिंत सामाईक आहे. त्यांच्या न्हाणीघरामुळे आमच्या देवघराची भिंत भिजते. त्यावर कोणता रंग टिकेल?

कोणताच नाही. पेठांमध्ये हा प्रश्न घरोघरी आहे आणि बहुतेक वेळा शेजाऱ्यांनाही त्याची कल्पना नसते. भांडायला जाण्याआधी खात्री करा: त्यांना एक दिवस न्हाणीघर न वापरण्याची विनंती करा आणि तुमच्या भिंतीवरच्या डागाची कड पेन्सिलीने आखून ठेवा. नंतर पुन्हा वापर सुरू झाला की दोन-तीन दिवसांत डाग रेषेबाहेर गेला, तर त्यांना बोलावून ती पेन्सिलीची रेषा दाखवा. दुरुस्ती त्यांच्या बाजूने व्हायला हवी: फरशीचे सांधे, नळाची जोडणी, भिंतीतली वाहिनी. खर्च दोघांत वाटून घेतलेली घरं आम्ही पाहिली आहेत आणि ते दोघांनाही स्वस्त पडतं. दुरुस्ती होईपर्यंत तुमच्या बाजूने चुना मारा. देव तात्पुरते दुसऱ्या भिंतीकडे हलवा, आणि त्या भिंतीत विजेचं बटण असेल तर ते आजच वायरमनला दाखवा.